माइनसवरचा चोर स्विच

रफीक, तुझ्या मयतीच्या दिवशी वडवणीचा सगळा स्टँड रोड बंद होता. पानटपरीसुद्धा. मी तुझ्या जनाज्याला खांदा दिला, कबरीत तीन मुठी माती टाकली, डोळे पुसले, आणि हे सगळं करता करता मनातल्या मनात पडलेली शटरं मोजत होतो. माझ्या वेळेला एवढी पडणार नाहीत, हे मला तिथं उभ्या उभ्या स्वच्छ दिसलं. गेलेल्या माणसावर तरी जळू नये म्हणतात. मला ते जमलं नाही. तुझ्यापासून काय लपवायचं, तू जिवंत असताना तरी कुठं जमत होतं?

आज तुला जाऊन अठ्ठावीस दिवस झाले. चाळिसावा अजून व्हायचाय. इतके दिवस मी तुझ्याशी मनातसुद्धा बोललो नव्हतो. समोर तुझं बंद गॅरेज दिसू नये म्हणून स्टूल फिरवून रस्त्याकडं पाठ करून बसायचो. गिऱ्हाइकं विचारायची, मिस्त्री रुसला का? पण मागच्या आठवड्यात तुझी गाडी माझ्या दारात आली, आणि आता तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुझी सायमा गाडी ढकलत आली. मागं भाभी. पोरीच्या कपाळावर घाम, ओढणी कमरेला खोचलेली, आणि चालणं थेट तुझं.

"दत्ताचाचा, हिला करंटच न्हाई," ती म्हणाली. "चावी फिरवली की काईच न्हाई. न्यूट्रलची लाईट न्हाई, हॉर्न न्हाई. किक मारून मारून पाय गेला माझा."

तुला जीपमध्ये घालून बीडला नेलं त्या दिवसापासून गाडी गॅरेजामागं तुझ्या घराच्या अंगणात उभी होती. सोमवारपासून सायमाची सकाळची पाळी लागणार, आणि तिच्या आरोग्य उपकेंद्राच्या गावाला पहिली एसटी पोचते दहाला. तोवर बाया पोरांना कडेवर घेऊन दारात ताटकळणार. गाडी चालू झाली नाही तर भाभींचा भाऊ ती टेम्पोत टाकून त्याच्या गावाला नेणार होता.

"मामाकडं गेली की गेली," सायमा म्हणाली. "अब्बाची गाडी हाय, चाचा. मला हीच पायजे."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी रफीकची गाडी आली माझ्याच दारात. हे बरं वाटणं दोन मिनिटं टिकलं. साईडचं कव्हर काढलं तर वायरी आधीच कुणीतरी उचकून ठेवलेल्या. विचारल्यावर कळलं की तेलगावचा एक मिस्त्री येऊन गेलता, त्याच्या मागून बीडचा एक. तुझ्या गॅरेजपासून वीस पावलांवर बसणारा मी तिसरा.

"भाभी, इतक्या लांबून मिस्त्री आणले," मी म्हटलं. "मी कावून न्हाई आठवलो?"

भाभींनी खाली बघितलं. "दत्ताभाऊ, राग मानू नका. ते कायम म्हणायचे. काई बी होऊ द्या, माझ्या गाडीला दत्त्याचा हात लागू द्यायचा न्हाई."

रफीक, त्या घडीला तू समोर असतास तर मी तुला पान्हा फेकून मारला असता. पंचवीस वर्षं समोरासमोर धंदा केला, तुझ्या लग्नात मी वाढायला होतो, माझ्या आईच्या दहाव्याला तू चुलीपाशी बसलास, आणि घरात बायकोला हे सांगून ठेवलंस! मी सायमाला म्हटलं, गाडी ठेव आणि घरी जा. ती म्हणाली, मी बसते. बसली. भाभीही बसल्या. म्हणजे मला आता तुझ्या घरच्यांच्या डोळ्यांदेखत ते काम करायचं होतं जे तू मला जमणार नाही असं समजून गेलास.

तू असं का म्हणाला असशील ते मला ठाऊक आहे, असं तेव्हा वाटलं. त्याला मास्तरांची गाडी कारण.

आठवते का? मास्तरांची गाडी दोन दिवस माझ्याकडं पडून होती. हीच तक्रार, करंट नाही. मी बॅटरी तपासली, फ्यूज तपासला, चावीचं लॉक खोलून तपासलं. माझ्याकडं आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, भिंतीवर लावलंय. माझ्या मीटरची काळी पिन बॅटरीच्या माइनसवर आणि लाल पिन एकेका जागी, शिकवलं तसं. सगळीकडं बारा व्होल्ट दाखवत होता आणि गाडी मात्र मुकी. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी न बोलता गाडी ढकलत रस्ता ओलांडला. तू चहा पिता पिता काळी पिन चेसिसला लावलीस, मीटरवर शून्य आलं, आणि तू हसलास. मास्तरांनी चेसिसला नवा रंग मारून घेतला होता आणि बॅटरीचा माइनस चेसिसला जोडणारा अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळला होता, म्हणून करंटला परतीची वाटच नव्हती. तू तो बोल्ट काढलास, खालचा रंग खरवडलास, परत बसवलास. चहा गार व्हायच्या आत गाडी चालू.

मग ओरडून सगळ्या रोडला ऐकू जाईल असं म्हणालास, "देख दत्त्या, करंट जातो कुठनं तेवढंच बघतोस तू. परत कसा येतो ते बघतच न्हाईस!"

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला, काळी पिन कुठं लावायची याचा. मी म्हणायचो बॅटरीवर, पुस्तकात तसं आहे. तू म्हणायचास आधी चेसिसवर, मग बाकीचं. तू सातवी नापास आणि मी सर्टिफिकेटवाला, तरी हरायचो मी. मला तुझं म्हणणं केव्हाच पटलं होतं. पण तू बरोबर आहेस म्हणून मी माझी सवय बदलायची? मी मुद्दाम काळी पिन बॅटरीवरच लावत राहिलो.

आणि तेवढं एकच होतं का? लिंबाखाली तुझी गिऱ्हाइकं तीन-तीन तास बसून राहायची आणि माझं गॅरेज रिकामं. कुणी घाईचा असला तर चहावाला सांगायचा, तिकडं दत्ताकडं जा, तो मोकळाच असतो. सांग, हे ऐकून माणसानं काय करावं? तुझा हात भराभर चालायचा, तुझ्या जोकवर लोक हसायचे, तुझी पोरगी शिकली. तू रोज सकाळी गॅरेजातून गाडी काढताना आधी डाव्या बाजूला वाकून हात घालायचास, तेही लोकांना आवडायचं. म्हणायचे, रफीकभाई गाडीला सलाम करतो. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "गाडीच्या पाया पडतो का बे?" तू म्हणालास, "पडतो. तुझ्या बी पडू का?" सगळे खो खो हसले. मी पण हसलो, आणि घरी जाऊन जेवलो नाही.

खरं तर हे जळणं वडवणीतलं नाही, त्याच्याही आधीचं. बीडला उस्तादच्या गॅरेजात आपण दोघं शिकायला होतो तेव्हाचं. उस्ताद मुद्दाम एखाद्या गाडीत बिघाड करून ठेवायचे आणि म्हणायचे, शोधा. मी मीटर काढेपर्यंत तू सांगून मोकळा व्हायचास. एक दिवस मात्र मला वाटलं होतं, आज मी जिंकलो. आठवडी बाजारातून गाड्या चोरीला जायच्या, म्हणून लोक चोर स्विच बसवून घ्यायला यायचे. स्विच गाडीत कुठंतरी लपवायचा आणि तो बंद केला की चावी असूनही गाडी उठत नाही. सगळे मिस्त्री तो प्लसच्या वायरीवरच बसवायचे. आपल्या धंद्यातला नियमच असा की कुणाचा स्विच कुठंय हे दुसऱ्या मिस्त्रीनं विचारायचं नाही आणि मालकानं घरच्यांनाही सांगायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी म्हणालो, "उस्ताद, माइनसला स्विच लावला तर? चोर करंट शोधत प्लसच्या मागं मागं जातो. माइनसकडं कुणी बघतच न्हाई."

आणि तू हसलास. असा हसलास की तुझ्या नाकातून चहा आला. "माइनसला कुलूप! अरे, दार सोडून भिंतीला कुलूप लावतो हा!" मग उस्तादही हसले. जेवायला आपण तिघंच होतो. तेव्हापासून माझं नाव पडलं माइनस. माइनस मिस्त्री. बीड सोडून वडवणीला आलो, तू माझ्या मागून आलास, आणि ते नावही तुझ्याबरोबर आलं; कशावरून पडलं ते मात्र इथं तू कुणाला सांगितलं नाहीस. उस्ताद गेले तरी ते राहिलं. मी पुन्हा तसल्या भानगडीत पडलो नाही. गिऱ्हाइकांना मी कायम प्लसवरच स्विच बसवून दिले, इतर सगळ्यांसारखे.

तर तुझी गाडी.

बॅटरी उतरलेली होती, ती आधी चार्ज करून घेतली. साडेबारा व्होल्ट, ठणठणीत. फ्यूज शाबूत. काळी पिन बॅटरीच्या माइनसवर आणि लाल पिन फ्यूजच्या पलीकडं, बारा. लॉकच्या अलीकडं, बारा. चावी फिरवून लॉकच्या पलीकडं, बारा. हॉर्नला जाणाऱ्या वायरीवरही बारा. जिथं लावीन तिथं बारा, आणि हॉर्न दाबला तर चूं नाही. समोरचा चहावाला येऊन उभा राहिला. त्याच्या मागं दोन-चार रिकामटेकडे. कुणीतरी मागून म्हणालं, "रफीकभाई असता तर एव्हाना चालू झाली असती." सायमा दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती. तू असाच बसायचास, बीडला, उस्तादच्या निकालाची वाट बघत.

दुपार झाली. भाभींनी हळूच म्हटलं, "राहू द्या दत्ताभाऊ. भावाला फोन करते."

"थांबा," मी म्हटलं.

मला ठाऊक होतं काय करायचंय. सकाळपासून ठाऊक होतं. मास्तरांच्या गाडीपासून ठाऊक होतं. पण तू मेलास म्हणून मी तुझं ऐकायचं? तुझ्या लोकांसमोर? मग सायमाकडं बघितलं. भाभींचं बोलणं ऐकून ती उठून गाडीपाशी आली होती आणि सीटवरची धूळ ओढणीनं पुसत होती. मी मीटरची काळी पिन बॅटरीवरून काढली आणि चेसिसला लावली. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर.

शून्य.

जिंकलास. घे.

म्हणजे प्लस ठीक होता. बॅटरीचा माइनसच गाडीपर्यंत पोचत नव्हता. मी माइनसची वायर धरून निघालो. चार बोटांवर ती कापडी टेपमध्ये शिरली होती, आणि टेप तुझ्या हातची. तू टेपचं शेवटचं टोक आत खोचायचास, मी ओळखतो. तिथून वायर चेसिसकडं जायच्या ऐवजी खाली, बॅटरीच्या ट्रेखाली गेली होती. कव्हर परत लावून मी डाव्या बाजूला वाकलो आणि खालून हात घातला. जुन्या ट्यूबच्या रबराचा एक तुकडा लागला. रबराच्या आत एक बारीक स्विच.

मी तसाच वाकलेला राहिलो. तू रोज सकाळी वाकायचास ती हीच जागा, आणि हात घालायचास तो इथंच. तुझा सलाम म्हणजे हा होता, लबाडा.

बोटानं स्विच दाबला. सायमानं चावी फिरवली. न्यूट्रलची हिरवी लाईट लागली, आणि तिनं हॉर्न दाबला तो सोडेचना.

मी खाली बसलो, चक्क ऑइलच्या डागावर. सगळ्यांना वाटलं थकलो. माइनसला स्विच, रफीक! नाकातून चहा येईपर्यंत हसलास, माझं नाव पाडलंस, आणि तेच घरी नेऊन आपल्या गाडीला बसवलंस. वायरीचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलं होतं, म्हणजे कालपरवाचं काम नव्हतं. कैक वर्षं तू रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर वाकून माझाच स्विच दाबलास. आणि बायकोला सांगून ठेवलंस, दत्त्याचा हात लागू द्यायचा नाही. मला जमणार नाही म्हणून नव्हे. मला सापडेल म्हणून. सगळ्या जिल्ह्यात हा स्विच ओळखणारा एकच माणूस आहे, आणि तो समोरच बसतो, म्हणून.

तू जायच्या दोन दिवस आधीची गोष्ट मग मला आठवली. आपण चहावाल्याच्या बाकड्यावर भांडत होतो, तेच, काळ्या पिनीवरून. मी रागाच्या भरात म्हणालो, "तुझं नशीब हाय बे, हुनर न्हाई." तू नेहमीसारखा टोमणा मारला नाहीस. कप खाली ठेवलास. "दत्त्या, तुला एक सांगायचं होतं. लई दिवसांचं हाय." मी म्हटलं, सांग की. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तू उठलास. "जाऊ दे, सांगतो कधी." ते हेच होतं का? का आणखी काही? मी तेव्हा तुझ्या मागून येऊन विचारलं का नाही? मला वाटलं, पुन्हा आपलीच काहीतरी मोठेपणाची गोष्ट सांगणार असशील.

चहावाला वाकून स्विच बघत होता. "काय डोकं होतं रफीकभाईचं!" तो म्हणाला. "माइनसला चोर स्विच. अख्ख्या मराठवाड्यात कुणाला सुचलं न्हाई." मागचे दोघंतिघं माना डोलावत होते. भाभींचे डोळे भरून आले होते. सायमानं खाली हात घालून स्विच बंद केला, चालू केला, बंद केला, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं.

"चाचा, हे अब्बानं स्वतः शोधलं असंल ना?"

शब्द अगदी जिभेवर आला होता. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो क्षण समोर उभा होता, सगळा रोड जमलेला होता, आणि तू उत्तर द्यायला नव्हतास. एक वाक्य बोललो असतो तर तू उघडा पडला असतास.

"व्हय," मी म्हटलं. "त्याच्यावानी डोकं कुणाचं न्हाई."

हे मी तुझ्यासाठी म्हटलं नाही, गैरसमज नको. त्या पोरीच्या तोंडाकडं बघून म्हटलं. तुझ्यावरचा राग अजून आहे. तू चोरलंस याचा नाही एवढा. चोरलंस ते कळवलं नाहीस याचा आहे. तू माझ्यावर हसलास, आणि मी तुझ्या हसण्यावर विश्वास ठेवला. तू मात्र माझ्या बोलण्यावर ठेवलास. एवढ्या वर्षांत मी एकाही गाडीला माइनसवर स्विच लावला नाही, माझ्या स्वतःच्यासुद्धा. एकदा जरी म्हणाला असतास, दत्त्या, तुझं खरं होतं, तर मी इतका जळलो नसतो. किंवा जळलो असतो, पण जेवलो तरी असतो.

सोमवारी सकाळी सायमा कामावर निघाली. माझ्यासमोरून जाताना थांबली, चहावाल्याला सलाम केला, गाडी स्टँडला लावून परत घरात काही विसरलेलं आणायला गेली. परत आली आणि डाव्या बाजूला वाकली. सगळा रोड तिच्याकडं बघत होता. मी स्टूल आता सरळ करून ठेवलंय.

त्याच दुपारी मी माझ्या गाडीचं कव्हर काढलं, माइनसची वायर कापली आणि मध्ये स्विच बसवला, ट्रेखाली, ट्यूबच्या रबरात. टेपचं टोक आत खोचायला गेलो, मला तुझ्यासारखं नीट जमलं नाही. आता सकाळी गाडी काढताना मीही वाकतो.

परवा चहावाला हसून म्हणाला, "काय दत्ताभाऊ, रफीकभाईची नक्कल करायला लागलास की!" बाकड्यावरचे सगळे हसले.

बोलून कोण ऐकणार? उस्ताद नाहीत. हे आधी मला सुचलं होतं, हे ठाऊक असणारा या जगात तू एकटाच उरला होतास, रफीक, आणि तुला मी माझ्या हातानं माती देऊन आलो.